रोज एक ‘नाही’, सूर्यास्ताच्या आत

एखादी सवय अंगी बाणायला एकवीस दिवस लागतात, असं शिबिरात ऋतिका मॅडम म्हणाल्या तेव्हा मला अगदी हलकं वाटलं. सोळा सोमवारांना जवळजवळ चार महिने लागतात, त्यात पुन्हा मिठाचं पथ्य. इथे फक्त एकवीस दिवस, आणि खाण्यापिण्याला काही बंधन नाही. फारच सुटसुटीत व्रत आहे, असं मी मनात म्हटलं. सगळा घोटाळा या एका शब्दाने केला. मॅडम सवय म्हणत होत्या आणि मी व्रत ऐकत होते. सवय मोडली तर माणूस उद्यापासून पुन्हा सुरू करतो. व्रत मोडलं तर काय होतं, हे प्रत्येक कहाणीत सविस्तर दिलेलं असतं. जहाज बुडतं, राज्य जातं, जावई हरवतो. आणि आमच्या लेकीचं, भाविकाचं, लग्न माघात ठरलेलं होतं.

शिबिर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर होतं. ‘दहा सवयी, नवं आयुष्य’ असा फलक. खाली दोन्ही बाजूंना कापडाचे लूम खडखडत होते, त्यामुळे मॅडम माइकवर ओरडून शांत मनाबद्दल सांगत होत्या. एकेक सवय सांगायच्या आणि विचारायच्या, ‘कोण कोण करतं?’ पहाटे उठणं. मी हात वर केला. मी साडेचारला उठते. उठल्यावर तासभर मोबाईल नको. पूजा होईपर्यंत माझं मौन असतं, मोबाईलच काय, मी ह्यांच्याशीही बोलत नाही. रोज एक पान लिहिणं. रामनामाची माझी अडतिसावी वही चालू आहे. आठवड्यातून एकदा पोटाला विश्रांती. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन एकादश्या. माझ्या पोटाला विश्रांतीतूनच अधूनमधून काम मिळतं. नऊ सवयी झाल्या आणि नऊ वेळा माझा हात वर गेला. मॅडम माझ्याकडे, परीक्षेआधी पेपर फुटल्यावर शिक्षक बघतात तशा बघू लागल्या.

“ताई, मग तुम्ही शिबिराला आलात तरी कशाला?”

मी खरं ते सांगितलं. “लेकीने नाव दिलं. तिला नाही कसं म्हणायचं?”

मॅडमनी माइक खाली ठेवला. “हीच दहावी! ‘नाही’ म्हणायला शिका. रोज एकदा. एकवीस दिवस.”

सगळ्या बायका हसल्या. माझी शेजारीण नसीमभाभी तर सर्वांत मोठ्याने हसली, कारण माझी इडलीची भांडी दोन वर्षं तिच्याकडेच आहेत.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. घट मांडला होता, देवीसमोर होतेच, तर मी हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. ‘आजपासून एकवीस दिवस रोज सूर्यास्ताच्या आत कुणा एकाला तरी तोंडावर नाही म्हणेन.’ सूर्यास्ताच्या आत अशासाठी, की दिवेलागणीनंतर घरात नकाराचा शब्द काढू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. संध्याकाळी हे भाविकाला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. “आई, ते फक्त टिक करायचं असतं गं! तू देवीला कशाला मध्ये घेतलंस?”

पण पाणी सोडून झालं होतं. ताम्हणात पडलेलं पाणी परत हातात येत नाही.

त्या पहिल्या दिवशी सहा वाजत आले तरी माझ्या तोंडून नकार निघाला नव्हता. सकाळी भाजीवाल्याने वाळका मुळा दिला, मी घेतला. दुपारी कुणीतरी फोनवर क्रेडिट कार्ड घ्या म्हणालं, त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलून मी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मार्गशीर्षातला सूर्य लबाड असतो. चहाच्या वेळेला दिसतो आणि कपबशी विसळेपर्यंत जातो. सहा वाजून तीन मिनिटांचा सूर्यास्त होता. सहा वाजता हे म्हणाले, “आणखी अर्धा कप टाकतेस?”

मी डोळे मिटले. “नाही.”

एकतीस वर्षांच्या संसारातला पहिला. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला, उठून माझ्या कपाळाला हात लावला, शेजाऱ्यांना हाक मारली आणि आठ वाजता मी धामणकर नाक्यावर डॉक्टरांच्या समोर बसलेली होते. दंडाला पट्टा आवळून डॉक्टर विचारत होते, छातीत दुखतं का? नाही. चक्कर येते? नाही. रात्री झोप? आणि माझ्या मनात एकच विचार, हे जर उद्या सकाळी विचारलं असतं तर सात दिवसांचं काम एका फीमध्ये झालं असतं.

शंका आली म्हणून मी आमच्या भटजींना विचारून घेतलं. ते सत्यनारायणाच्या घाईत होते, पण शास्त्राचं उत्तर त्यांनी थांबून दिलं. “वहिनी, ‘चक्कर येत नाही’, हे ‘नाही’ काही व्रतातलं नव्हे. ती माहिती झाली. समोरच्याने मागितलं आणि आपण दिलं नाही, त्याला नकार म्हणतात. तो पाहिजे.” आणि जाता जाता म्हणाले, “रविवारी माझ्या मेहुण्याकडे पूजेला पुरणपोळ्या लागतील, पंचवीस-तीस. कराल ना?”

मी हो म्हटलं. ब्राह्मणाला नाही म्हणून व्रताची सुरुवात करणं बरं दिसलं नसतं.

चौथ्या दिवशी खारबावहून, माहेरून, दादाचा फोन आला, आणि त्या क्षणापासून हा खेळ राहिला नाही.

“गोदू, बरी हायस ना गो? ऐक. शेताचा कागद करायचा हाय. तुझी सही लागंल. हक्कसोड. तसा काय न्हाय, पद्धतच हाय आपली.”

पद्धत मला माहीत होती. आमच्यात बाप गेल्यावर बहिणी भावाच्या नावे हक्क सोडून देतात. भाऊ साडी नेसवतो, मटणाचं जेवण घालतो आणि माहेरचं दार उघडं राहतं. माझ्या अंबाडी गावच्या चुलत बहिणीने सही केली नाही. तिच्या मुलीच्या लग्नात अंतरपाटापाशी मामा नव्हता, तर मंडपवाल्याला टोपी घालून मामा म्हणून उभं केलं. तो बिचारा अक्षता टाकता टाकता कामगारांना ‘तो तिसरा पडदा सोड रे’ म्हणून ओरडत होता. सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं. आणि माझ्या भाविकाला मामा एकच, केसरीनाथमामा, म्हणजे हा दादा.

दुसरीकडे ते शेत. लग्न होईपर्यंत बारा पावसाळे मी त्यात लावणी केली आहे. आई पुढे, मी मागे, आणि दादा भिवंडीत सिनेमाला. त्या चिखलात माझी पैंजणाची एक जोडी अजून असेल. आता तिथे गोडाऊन होणार होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

“मंग ह्या न्हाय, पुढच्या शुक्कीरवारी येशील ना?”

त्या दिवशीचा नकार मी सकाळीच दूधवाल्यावर खर्च केला होता. त्याने अर्धा लिटर जास्त देऊ का विचारलं, मी नाही म्हटलं, आणि केवढी धन्यता वाटली होती! आता तोंडातून सवयीने निघालं, “येते की, दादा.”

फोन ठेवल्यावर मी संकल्प आठवला. एका दिवसाला एकच नकार, असं संकल्पात कुठे होतं? ‘एकाला तरी’ म्हटलं होतं मी. दुसरा म्हणता आला असता. पण रेशनच्या साखरेसारखं माझं डोकं चालत होतं, आजचा कोटा उचलला, आता पुढच्या खेपेला.

शुक्रवार सोळावा दिवस येत होता. म्हणजे हातात बारा दिवस. मी ठरवलं की तोवर सराव करून धीट व्हायचं. सराव म्हटल्यावर नसीमभाभी हौसेने पुढे आली.

“भाभी, आपकी सोने की चेन दो ना, शादी में जाना है।”

“नाही.”

“ऐसे नहीं। आँख में आँख डालके। और हँसना नहीं।”

“नाही!”

“माशाल्ला! कल कंगन माँगूँगी।”

असं ती रोज दारात यायची. चेन, कंगन, फ्रीज, एकदा तर आमचे हे मागितले. मी सगळ्याला ठणठणीत नाही म्हणायचे आणि भटजींना फोन करून विचारायचे, लटकं मागणं धरतात का. ते म्हणाले, दात्याच्या मनावर आहे. माझ्या मनाचं मलाच कळत नव्हतं, म्हणून मी दर दिवशी जोडीला एक खरा नकारही शोधत असे. आणि नवव्या दिवशी दुपारी ती धावत आली, “भाभी, बड़ा कुकर!” मी दार अर्धं उघडून, डोळ्यांत डोळे घालून, न हसता म्हटलं, “नाही,” आणि दार लावलं. तिच्या घरी मालेगावहून अकरा पाहुणे अचानक उतरले होते. हे मला संध्याकाळी कळलं. मी कुकर घेऊन गेले तेव्हा ती हॉटेलातून मागवलेली बिर्याणी वाढत होती. तिने कुकर ओट्यावर ठेवून घेतला. फक्त दुसऱ्या दिवशी मागायला आली नाही. तिसऱ्याही नाही.

बातमी पसरायला भिवंडीत वेळ लागत नाही. ट्रक अडकतो, बातमी अडकत नाही. आमच्या भजनी मंडळाने साठ माणसांचा शिरा करायला सांगितला होता, त्याला मी दहाव्या दिवशी नाही म्हटलं. आवाज चढवला नव्हता. देवाशप्पथ, मी ‘या वेळी जरा नाही जमणार’ एवढंच म्हटलं. तर मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी मान हलवली, आणि पुढच्या बैठकीत माझे टाळ दुसऱ्या बाईच्या हातात होते. तिला ताल कळत नाही. मी मागच्या ओळीत बसून दोन तास नुसती टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांत माझा टाळ कधी चुकला नव्हता, हे मी कुणाला सांगणार होते?

त्याहून वाईट पुढेच होतं. आता मला कुणी काही मागेचना. जिन्यात बायका दिसल्या की पिशव्या पदराआड घ्यायच्या, जणू मी त्यातल्या भाजीलाच नाही म्हणेन. हे स्वतः चहा करून घेऊ लागले. भाविका ऑफिसातून येऊन स्वतःचं ताट वाढून घ्यायची. लोक म्हणतील सुख आहे. पण बाराव्या दिवशी पावणेसहा वाजले, सोमवारचा उपास, पोटात कावळे, आणि दिवसभरात एकाही माणसाने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. नकार द्यायला आधी कुणीतरी मागावं लागतं, हे मॅडमनी शिकवलंच नव्हतं.

मी चपला घातल्या आणि नाक्यावर धावले. रस्त्यावर कंटेनर, ट्रक, धूळ. सूर्य समोरच्या कारखान्याच्या पत्र्याला टेकलेला. भिकारी शोधला, तर तो नेमका दुसऱ्याचे पैसे मोजण्यात गुंग. शेवटी एका रिक्षाला हात केला. रिक्षावाला थांबला.

“कल्याण नाका? बैठो चाची।”

“नाही!”

“तो हाथ क्यूँ किया?”

“नाही म्हणायला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, पत्र्यावरच्या सूर्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, “घर में सब ठीक है ना?” मग मला फुकटात सोसायटीच्या दारापर्यंत सोडून गेला. तेही मला नाही म्हणता आलं नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी मी दादासाठी नकार राखून ठेवला होता. दूधवाल्याला हो, भाजीवाल्याला हो, पेपरवाल्याने तीन महिन्यांची वर्गणी आगाऊ मागितली, त्यालाही हो. गाडीत दादा, सीतावहिनी आणि त्यांचा मुलगा धनेश. धनेश गोडाऊनवाल्यांशी बोलणी करतो, त्याच्या गळ्यात दोन साखळ्या आणि हातात तीन मोबाईल असतात. रजिस्ट्रीच्या ऑफिसात पोहोचलो, वकिलाने कागद काढले आणि दोनच मिनिटांत मान वर केली.

“सातबाऱ्यावर नाव गोदूबाई हिरू. आधारवर गोदावरी काळूराम. ही बाई तीच, याला पुरावा काय?”

“अहो, ही माझी भैन हाय!” दादा म्हणाला.

“ते तुम्ही म्हणता. कागद काय म्हणतो?”

मग मी, गोदूबाई हिरू आणि गोदावरी काळूराम या दोन्ही एकच बाई असून ती बाई मी आहे, असं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. स्टॅम्प, फोटो, दोन साक्षीदार, नोटरी. पुढची तारीख बुधवारची मिळाली. मी बोटांवर मोजलं. बुधवार, एकविसावा दिवस. सुटले म्हणून मी देवीचे आभार मानले आणि लगेच जीभ चावली, कारण वाजले होते साडेपाच आणि त्या दिवसाचा नकार तसाच शिल्लक होता. तो शेवटी प्रतिज्ञापत्राच्या फोटोवाल्यावर गेला. ‘काकी, जरा हसा,’ तो म्हणाला. मी नाही म्हटलं. त्या फोटोत मी दोन बायकांची मिळून जेवढी रागावलेली दिसावी तेवढी दिसते.

मधल्या दिवसांत मला झोप नव्हती. रामनाम लिहिता लिहिता एका पानावर ओळीभर ‘नाही नाही नाही’ लिहिलं गेलं. पान फाडता येईना आणि ठेवताही येईना. वज्रेश्वरीला नवस बोलावा असं वाटलं, पण काय मागायचं? दादा रागावू नये म्हणून, की सही करावी लागू नये म्हणून? दोन्ही एकदम मागितलं तर देवीने तरी काय करावं?

आणि आमच्या ह्यांनी, माझ्या काळजीने, दादाला फोन करून सगळं सांगून टाकलं. तिचं असं असं व्रत आहे. रोज एक नकार. बुधवारी शेवटचा.

बुधवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. दादा, वहिनी, धनेश. दादाच्या हातात पेढ्यांचा पुडा. सगळे सोफ्यावर ओळीने बसले, तोंडं एकदम प्रेमळ. मागायला आलेला माणूस कसा बसतो, हे मला या वीस दिवसांत कळायला लागलं होतं.

“वन्सं,” वहिनी म्हणाली, “तुमचा तो सोन्याचा हार द्याल का मला? कायमचा?”

“हो, घ्या की,” मी म्हटलं. मला वाटलं तिला खरंच हवाय. मी उठलेसुद्धा.

“अगो बस, बस!” दादा घाईने म्हणाला. “गोदू, मी काय म्हनतो, आजपासून मी तुझ्याकडं र्‍हायला येतो. बायकापोरांसकट.”

“ये ना, दादा.”

दादाने धनेशकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे पाहिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझा आजचा नकार सकाळीच वापरून संपवायला ही माणसं आली होती. धनेशने खिशातून पुडी काढली, तळहातावर चुना घेतला आणि मला म्हणाला, “आत्या, तंबाखू मळू तुला?”

“नाही!” मी किंचाळलेच. देवघरासमोर!

तिघांनी टाळ्या वाजवल्या. “झाला! झाला आजचा नेम!” दादाने पेढा माझ्या तोंडात कोंबला. “पुरं झालं ना गो व्रत? एकवीस झालं?”

तोंडात पेढा होता, मी मान हलवली. वहिनीने नारळही आणला होता. ह्यांनी तो फोडला. देवीसमोर उद्यापन झालं, आरती झाली, धनेशने व्हिडिओ काढला. साडेनऊला आम्ही गाडीत बसलो. वाटेत सगळे हसत होते, वहिनी साडीचा रंग विचारत होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

ऑफिसात आमचा नंबर सतरावा होता. खुर्च्या सात. दादा बसला, वहिनी बसली, साक्षीदार बसले, वकिलाची बॅग बसली. मी भिंतीला टेकून उभी. दीड तासाने नाव पुकारलं. आधी अंगठा. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. रोज चंदन उगाळून आणि भांडी घासून माझ्या बोटांवरच्या रेघा गेल्या आहेत, हे मला त्या मुलाने सांगितलं. दहाही बोटं करून झाली. धनेशला घाम फुटला. “आत्या, दाब ना जोरात! अजून जोरात!” दुसऱ्या फेरीत डाव्या करंगळीने साथ दिली आणि सगळ्यांनी निःश्वास सोडला. प्रतिज्ञापत्र जोडलं, दस्तासाठी फोटो झाला. फक्त साहेबांच्या टेबलापुढे उभं राहायचं उरलं.

साहेब म्हणजे एक तरुण बाई होत्या, चष्म्यातल्या. त्यांनी कागदावरून नजर न उचलता, दिवसभरात शंभर वेळा विचारलेलं विचारलं, “गोदावरीबाई, दस्त वाचून दाखवलाय ना? राजीखुशीने हक्क सोडताय ना?”

“नाही,” मी म्हटलं.

माझा आवाज मुळातच लहान. बाजूला प्रिंटर चालू होता.

“काय? जरा मोठ्याने बोला, मावशी.”

आत्ता गिळता आला असता तो शब्द. कुणाला ऐकू गेलाच नव्हता. मागे दादाचा श्वास ऐकू येत होता, त्याला दम्याचा त्रास आहे. माघातला मांडव माझ्या डोळ्यांपुढे आला, त्यात टोपी घातलेला मंडपवाला.

“नाही म्हटलं.”

प्रिंटर थांबला.

“आत्या!” धनेश पुढे झाला. “अगं झालं की आजचं! सकाळीच झालं! मॅडम, तसं नाहीये, हिचं व्रत आहे, रोज एकदा नाही म्हणायचं, तर ते चुकून...”

“वन्सं, तंबाखूचा धरला ना आपण!” वहिनी.

“कसला तंबाखू?” साहेबबाईंनी चष्मा काढला. “ऑफिसात तंबाखूला बंदी आहे.”

“तंबाखू न्हाय हो, व्रत! उद्यापन झालंय, हा बघा व्हिडिओ!” आणि धनेशने खरोखरच मोबाईल त्यांच्या टेबलावर ठेवला. त्या सरकारी टेबलावर माझ्या देवीची आरती चालू झाली. रांगेतल्या दोन बायकांनी हात जोडले.

साहेबबाईंनी मोबाईल उलटा ठेवला आणि फक्त माझ्याकडे पाहिलं. “मावशी, हे त्या व्रतातलं आहे का?”

“नाही हो,” मी म्हटलं. “व्रतातलं सकाळीच झालं. हे माझं आहे.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग मला दस्त नोंदवता येणार नाही. पुढचा नंबर.”

आम्ही बाहेर चहाच्या टपरीपाशी आलो. साक्षीदार हळूच सटकले. धनेश तिन्ही मोबाईलवर एकदम कुणाला तरी समजावत होता. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती, पण पदराने डोळे पुसताना मला दिसली. का पुसते ते कळेना. तिनेही आपल्या भावांना सही करून दिली आहे, फार वर्षांपूर्वी.

दादा उन्हात उभा राहिला. मान खाली. “वैर धरलंस ना गो माझ्याशी?”

“नाही धरलं, दादा.”

“मंग लोकांदेखत नाक कापलंस ते?”

मला रडू आलं. तरी मी जागची हलले नाही. “तू मला घरी विचारलं असतंस तर घरीच सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस. त्या बाईने विचारलं.”

एक ट्रक गेला, दुसरा गेला, धूळ खाली बसली. मग त्याने डोकं वर केलं आणि चिडून, पण खराखुरा, विचारलं, “बरं. मंग तुला पायजे तरी काय? बोल. पैसा पायजे? अर्धा तुकडा पायजे? काय पायजे तुला, गोदू?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. वहिनी, धनेश, वकील, चहावालासुद्धा हातातली किटली धरून. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. नाही कसं म्हणायचं याचा मी एकवीस दिवस सराव केला होता. हवं काय ते सांगायचा एक दिवससुद्धा केला नव्हता. चौपन्न वर्षांत हे मला कुणी विचारलं होतं का, ते आठवून बघत होते, आणि सकाळपासून उभी असल्याने गुडघे ठणकत होते.

“आधी बसायला खुर्ची पाहिजे,” मी म्हटलं.

दादा वळून स्वतः टपरीत गेला, आतली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली आणि माझ्यामागे ठेवली. मी बसले. माझ्याभोवती सगळे उभे होते. मी पदर नीट केला, आणि काय काय पाहिजे ते, पहिल्यापासून, सावकाश, एकेक करून सांगायला लागले.